इंदूची निळी दोरी

आमचं मूळ अमरावतीकडचं, बाप तोफखान्याच्या फॅक्टरीत लागला म्हणून जबलपूरले आला, मी इथंच दीक्षितपुऱ्यात जन्मलो. शाळेत दोन वर्षं गेलो, तीही मार खायले. मंग मी भी फॅक्टरीतच लागलो, पेट्या उचलायले, सारा जन्म पेट्याच उचलल्या. हजेरीवर अंगठा द्यायचो. सही मले बायकोनं शिकवली, इंदूनं. ती वर्ध्याची, सातवी पास, घरात सगळे कागद तिच्याकडंच. गॅसचा कागद, बँकेचा कागद, ती समोर ठेवायची आणि बोट लावून म्हणायची, अहो, इथं करा. मी विचारलं काय आहे, तं म्हणायची, वाचता येते का तुम्हाले? नाही ना, मंग करा सही. मी करायचो. रेघ सरळ आली तं खुश व्हायची.

काय सांगू तुम्हाले ताई, ती जाऊन दोन महिने झाले तरी मले अजून सुधरून नाही राहिलं. सकाळी पोळ्या लाटता लाटता बसली ओट्याखाली, म्हणे जरा पाणी द्या, मी पाणी घेऊन आलो तं गेलेली. तिसरी पोळी तव्यावर जळून राहिली होती.

तिरडी बांधाले बसलो आणि सुतळी कमी पडली. शेजारचा मिश्रा म्हणे, चाचाजी, कुछ और है क्या घर में? मी तिची लोखंडी पेटी उघडली, साड्यांच्या खाली एक दोरी, निळी, अंगठ्याएवढी जाड, गुंडाळून ठेवलेली, सोन्याची साखळी ठेवतात तशी. मले वाटलं, कपडे वाळवायले आणली असन. विळीनं कापायले गेलो तं कापेना, मोठ्या मुश्किलीनं अर्धी कापली. त्याच दोरीनं मी इंदूले बांधलं, माझ्या हातानं, आणि नर्मदेकाठी ग्वारीघाटावर माझ्याच हातानं तिचे बंध कापले. उरली ती गच्चीवर टांगली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चार जणी आल्या, पाठीवर पिशव्या, पायात बूट. त्यातली एक चाळिशीची, तिले सगळ्या दीदी म्हणत होत्या. पाया पडली आणि म्हणे, बाबूजी, आंटीजी की रस्सी लेने आए हैं. मी म्हटलं, कोणती रस्सी, कोण तुम्ही? म्हणे, आम्ही पहाड चढणाऱ्या. आंटीजी आमच्या जबलपूरच्या टोळीतल्या वयानं सगळ्यात मोठ्या, अठरा वर्षं झाली.

मी म्हटलं, बाई, घर चुकली तू. आमची इंदू दर रविवारी मदनमहलच्या टेकडीवर देवीच्या देवळात जात होती. दीदी म्हणे, जात होत्या ना, आधी दर्शन, मंग खालच्या खडकावर. पहिल्या दिवशी आम्ही दोर लावून चढून राहिलो होतो, त्या पूजेची थाळी घेऊन उभ्या. विचारलं, मी करू का? कासोटा मारला आणि सरसर वर. म्हणे, माहेरी चिंचेवर चढत होती, हे काय मोठं.

मी भिंतीले टेकून खाली बसलो. आणि दीदी सांगूनच राहिली. साऱ्या देशातल्या चढणाऱ्यांची, पायी हिंडणाऱ्यांची एक संघटना आहे दिल्लीत, तिथं गावोगावचं एकेक माणूस आपल्या लोकांच्या वतीनं बोलायले जाते. जबलपूरकडून दोनदा आमची इंदू गेली. उभी राहून मोठमोठ्या साहेबांले म्हणे, पोरींले कपडे बदलायले आडोसा नाही आणि दोर अडकवायचे कमरेचे पट्टे सारे माणसांच्या मापाचे, पहिले हे करा, मंग शिखरावर झेंडे लावा. दोनदा! मले सांगून गेली होती वर्ध्याले बहिणीकडं जातो. येताना संत्र्याची बर्फी आणली होती. आता काय माहीत, ती नागपूरच्या स्टेशनावरची होती का कुठली.

मंग दीदी म्हणे, बाबूजी, आमच्यात रीत आहे, सोबतीण गेली की तिची दोरी कोणी पुन्हा वापरत नाही. तिचे तुकडे करतो आणि सोबतच्या सगळ्या एकेक ठेवतो. मी नुसतं वर बोट केलं. गच्चीवर त्या दोरीवर माझी पट्ट्याची चड्डी वाळत होती. एक पोरगी फिसकन हसली आणि तशीच रडाले लागली. मी सांगितलं, अर्धी दोरी मी तिच्या तिरडीले लावली, घाटावर कापली. मले वाटलं आता या शिव्या देतील. दीदी म्हणे, तं मंग पहिला तुकडा तुम्हीच कापला, बाबूजी.

पण माझ्या डोक्यात एकच. काहून लपवलं? ही अठरा वर्षं भी एका ताटात जेवलो, मी काय राक्षस होतो?

दीदीनं पिशवीतून कागद काढले. संघटनेचा कागद दर वर्षी भरावा लागते, खाली घरच्याची सही. अठरा कागद, अठराही खाली माझी सही. मी म्हटलं, वाच. जिंदगीत पहिल्यांदा म्हटलं, वाच आधी. तिनं वाचलं, यात जीव जाऊ शकते, हे घरच्यांले सांगितलं आहे का? आणि पुढं इंदूच्या अक्षरात, बताना बाकी है. दुसऱ्या वर्षी, बताना बाकी है. सगळ्यांवर तेच. दीदी म्हणे, मी चिडायची, आंटी, बता दो ना. त्या म्हणायच्या, अगले साल पक्का.

आणि तेव्हा मले आठवलं, ताई. खूप वर्षं झाली, पेपरात पहाडावर चढणाऱ्या बायांचा फोटो आला होता, तिनं मले कौतुकानं दाखवला. मी चहा पीत पीत म्हटलं, काहून, यांचे नवरे मेले का? ती हसली आणि पेपर घडी करून ठेवला. मी विसरलो. तिनं घडी करून ठेवलं.

दीदीजवळ अजून एक कागद होता, तिचं नाव बंद करायचा, दिल्लीले पाठवायचा. तिथं भी तोच सवाल होता, जागा कोरी. म्हणे, यहाँ क्या लिखूँ? मी म्हटलं, लिही, बता दिया. खाली सही केली, वर रेघ सरळ ओढली, तिनं शिकवली तशी.

दोरीचे तुकडे झाले, एक माझ्या उशीशी आहे. रविवारी आता मी जातो टेकडीवर, ऑटोनं, खाली सावलीत बसतो. पोरी चढतात, वरून ओरडतात, बाबूजी, देखो! मले तं पाहूनच धडकी भरते. पण पाहतो. आणि उतरल्या की प्रत्येकीले सांगतो, चढा, खूप चढा, सुखी राहा. पण घरी सांगून या. घरचा माणूस ओरडन, तं ओरडू द्या. ओरडून झालं की येईन तो भी पाहाले.