तुर्कमेनिस्तानचा पत्ता

नंदुरबारच्या पोस्टात धडगावची रिना रांगेत ताटकळत उभी होती. तिच्यापुढे बुरख्यातली एक बाई, हातात बंद पाकीट, आणि सोबत तिचा दीर.

“भाभी, पत्ता लिखा ना. नंबर ई जाई.”

“काय लिखू? नुसतं तुर्कमेनिस्तान?”

“अनीसभाई गुजरी गयात, हाई खबर त्या दोस्तले धाडनी शे. इतला वरीस तो कार्डं-तिकिटं धाडत व्हता, अन् पत्ता नही?”

“त्यास्ले तोंडपाठ व्हता. तिकिटं पान्यात भिजाडी सोडेत, वहीमा चिकटाडेत, पाकीट फेकी देत.”

“कार्डवर व्हई.”

“कार्डं पाकिटमा येत. त्यावर नुसता सलाम.”

“चाळिसवा व्हई गया अन् एक पाकीट उनं व्हतं ना?”

“उनं व्हतं.”

“मंग?”

“मीबी भिजाडं. त्यास्नागतच, कोमट पान्यात. तिकीट मस्त सुटनं, कडाना एक दातबी तुटना नही. पत्ता पान्यात गया.”

रांग पुढे सरकली. रिना सरकली नाही.

“जवाब नही गया तं तो काय समजी, भाभी?”

“समजी, अनीसना शौक फिटी गया.”