माल पोचला आहे

नानासो : ह्ये बघ, आज पुन्यांदा आलं. ‘आमची सेवा कशी वाटली? तारे द्या.’ माझ्या भावाचं, तानाजीचं, दिवस घातलं, तरी ह्यांचं तारं मागायचं सरंना. तू त्याच विमान कंपनीच्या कॉम्प्युटरवर काम करतीस म्हणून आईला घिऊन विट्याला तुझ्या घरी आलो. एवढं थांबवून दे, संयोगिता.

संयोगिता : द्या नानाकाका फोन. याच्या आधीचा मेसेज?

नानासो : त्योच तर. तानाजीला गुवाहाटीवरनं आणला त्या दिवशीचा. वाच की.

संयोगिता : ‘आपला माल पुण्यात पोचला आहे. प्रकार : पार्थिव. कृपया घेऊन जावे.’ हा घरच्या फोनवर कसा आला?

नानासो : तिकडं त्येच्यासंगं सोनं गाळायला असत्यात ती पोरं. त्यांनी घरचा नंबर दिला. मी गाडी घिऊन पुण्याला गेलेलो, फोन आईजवळ. आन् आईला आमी कुणीच सांगितलं नव्हतं. मयत दारात येईस्तोवर आईबापाला सांगत न्हाईत आपल्यात. दवाखान्यात हाय, बरा हाय, आज येतोय, एवढंच म्हणलं हुतं.

संयोगिता : आजींना वाचता येतं?

नानासो : अक्षरावर बोट ठिवून, सावकाश. इंग्रजीत असतं तर कायबी कळलं नसतं. मराठीतनं धाडायची अक्कल कुणाची, देव जाणं.

संयोगिता : माझी.

नानासो : काय म्हणलीस?

संयोगिता : मीच भांडून मराठी घालायला लावलं. आपल्या माणसांना वाचता यावं म्हणून. पूर्वी तिकिटाचं वेगळं होतं, बॅगांचं वेगळं. मालखात्यात तर एक माणूस बसायचा, तो फोन करून सांगायचा. आता निरोप धाडायची सोय एकच केली आणि सगळी खाती तिला जोडली. एका टाकीवरनं घरोघर नळ देतात तसं. नवीन खातं आलं की पुन्हा खणत बसायला नको. मालखातं मीच जोडलं.

नानासो : म्हंजे बॅग आली म्हणून सांगायचं, त्याच नळानं आमची मयत आली म्हणून सांगितलं.

संयोगिता : हो. तारे मागणंसुद्धा त्याच्यातनंच गेलं. ‘पार्थिव’ शब्द मी शोधला होता, बरा वाटला होता मला. तो कुणाच्या तरी घरात कुणीतरी वाचणार, हे डोक्यातच आलं नाही. लाज वाटतीय मला, काका.

नानासो : लाज वाटून आता काय हुतंय. म्हातारी एकटी घरात. एकटीनं वाचलं. तुला म्हणून सांगतो, माझा राग अजून जात न्हाई.

संयोगिता : आजच बंद करायला लावते. असं काही असलं तर मेसेज जायचाच नाही. पहिल्यासारखा माणूस फोन करेल.

(बाहेर ओट्यावर बसलेल्या हरणाबाई काठी टेकत आत येतात.)

हरणाबाई : काय बंद करतीस गं?

संयोगिता : तो मेसेज, आजी. चूक माझी झाली.

हरणाबाई : बंद नगं करूस.

नानासो : आई, तू गप बस. तुला त्यातलं काय कळतंय.

हरणाबाई : त्यो माणूस फोन कुणाला करनार? ह्येलाच न्हवं? आन् ह्यो मला सांगनार, बरा हाय म्हणून. त्या दिशी जाताना काय म्हणलास रं नाना? तानाजी येतोय, गोडाचं कर. मी पुरण शिजत घातलं हुतं.

नानासो : तुला सोसलं नसतं, आई.

हरणाबाई : सोसलं की. चुलीतली लाकडं वडली, दार लावून घेतलं, रडले. तुमी समदी माझ्याशी खोटं बोलला. गाडी आली तवा तुमी मला धराया आला, पर माझं मी उठून बसले हुते.

संयोगिता : मग काय करू मी, आजी?

हरणाबाई : ती तारं काढून टाक. माल म्हनू नगंस, नाव घाल माणसाचं. आन् नंबर आईचा घेत जावा.