साडेतीन ग्रॅम

बसा हो जरा, तो वजनकाटा नंतर काढा पिशवीतून. चहा टाकलाय. आधी एकाचंच पाणी ओतलं होतं, मग आठवलं — आज पाहुणी आहे — वाढवलं. छे, त्रास कसला? मागल्या महिन्यात चहा न घेताच गेलात, ते लागून राहिलंय मला.

तुम्ही विचारलं होतंत ना, सापडली कशी? आतल्या खोलीत, आमच्या हिच्या खोलीत, पडद्याच्या घडीत — मला वाटलं, वाळकं पान अडकलंय. झटकायला गेलो, तर पानानं जांभई दिली. पाकोळी होती, इवलंसं वटवाघूळ, माझ्या अंगठ्याएवढं. हातमोजा चढवला, अलगद रुमालात घेतली आणि — चाळीस वर्षं कंपाउंडर होतो मी, पुड्या बांधण्यात हयात गेली — माळ्यावरचा तराजू काढला. साडेतीन ग्रॅम. विश्वास बसेना. परत तोलली. साडेतीनच. एवढ्याशात काळीज, फुप्फुसं, दात, सगळं बसवलेलं. मुलाला फोन केला, तर म्हणाला, बाबा, फवारणीवाल्याला बोलवा. लांब असतो तो, कामात असतो, त्याचं चूक नाही — मग वटवाघळांवरचा तुमचा लेख वाचल्याचं आठवलं, तुम्हाला पत्र टाकलं.

तुम्ही आलात, मोजलंत — कोपरापासून मनगटापर्यंत एकोणतीस मिलिमीटर, लक्षात आहे माझ्या — आणि म्हणालात, काका, ही गाभण आहे, आता हात लावू नका, लांबून पाहा. नाही लावला. रोज दुपारी दारात खुर्ची टाकून बसायचो. हिच्या जाण्यानंतर त्या खोलीत मी पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता जेवण उरकलं की पाय आपोआप तिकडे. मग पिल्लू झालं — शेंगदाण्याएवढं, उघडंबोडकं. ग्रॅमभर असेल, असं तुम्हीच म्हणालात फोनवर. आईच्या पाव वजनाचं पिल्लू, आणि ते पोटाशी धरून ती उडायची. मी म्हणायचो, अगं, झेपतं का तुला? — म्हणजे, मोठ्यानं नाही हो. कधीकधी मोठ्यानं.

हिचंही वजन करायचे, शेवटी, दवाखान्यात. रोज सकाळी. नर्स म्हणायची, काका, बघा ना आज किती भरतंय. मी खिडकीबाहेर बघायचो. गुंजभर इकडेतिकडे होऊ न देणारा माणूस, पण काट्याकडे एकदाही पाहिलं नाही. ही म्हणाली, "तुम्ही सांगाल तोच आकडा मी खरा धरीन." मी विषय बदलला — काय बोललो, तेसुद्धा आठवत नाही, काहीतरी नळ गळतोय वगैरे. तिला नुसता आकडा हवा होता. खरं तर आकडाही नको होता. मी तिच्याकडे बघायला हवं होतं.

काय? — थांबा, उठू नका. त्या खोलीत काही नाही.

मंगळवारी गेली ती, पिल्लाला घेऊन. दोन दिवस वाट पाहिली, मग पडदा हलवून पाहिला. हो, परवा फोन केला तेव्हा मला ठाऊक होतं. पिल्लू मोठं झालंय, तोलायला या, म्हणालो — ते खोटं होतं. एवढ्या लांबून आलात तुम्ही. खरं सांगितलं असतं, तर कशाला आला असतात? — बरोबर आहे, आलाच नसतात.

चहा संपवा तेवढा. साडेचारची बस मिळेल अजून. नाही, पुढच्या आठवड्यात वगैरे काही नको, तुमची कामं असतात — निघा तुम्ही. दार नुसतं ओढून घ्या, मी काही उठत नाही आता.