डबा घ्यावा का लांबडी

तुमी गाडीचं लिहाले आले ना, त पयलेपासून सांगतो, माहं माहेर सानगडीचं जी. बाप धानाचा शेतकरी, पन बाजाराच्या दिवशी माय वांगे-टमाटे घेऊन बसे आन् मी तिच्या बाजूले पोत्यावर बसून राहो. तवा सानगडीच्या बाजारात बैलाच्याच गाड्या जास्त, कधीमधी एखादी जीप येई त आमी पोट्ट्या तिच्या मागं धुरळ्यात धावो. मले काय माहीत होतं का पुढं माही सारी उमर गाडीच्या मागच्या बाजूले बसून जाईन म्हनून. लग्न झालं एकोडीले. माहे मालक, मंजूचे बाबा, ड्रायव्हर. घरी धानाच्या बांध्या होत्या, पन त्या थोड्या आन् खानारे जास्त, म्हनून त्यायनं चिखला गावाचा रस्ता धरला. तिथं मँगनीजची खदान हाये ना, मानसं जमिनीच्या खाली उतरतेत, त्या मानसायले पाळीवर नेनं-आननं करनाऱ्या खाजगी गाडीवर हे लागले.

मी बी गेली चिखल्याले. कॉलनीच्या मागं किरायाची खोली होती. लुगडं धुवा त पानी काळं, डोक्स्यावरून हात फिरवा त हात काळा, पन दिवस चांगले होते. राहुल तिथंच झाला, मंजू बी तिथंच. मंजू धडधाकट झाली होती जी, काय सांगू तुमाले, भिंत धरून उभी राहे, भावाच्या हातचं बिस्कीट हिसके. वर्साची व्हाची होती तवा ताप आला, तापात झटके आले, आन् त्या झटक्यानंतर पोट्टी जे पडली ते पडलीच. बोलत नाही, चालत नाही, मान बी धरावी लागते. हसते मात्र. कान चांगले हायेत तिचे, माहा पाय वाजला त समजते तिले का माय आली.

मंग दवाखाने सुरू झाले. तुमसर, भंडारा, नागपूर. बसमंधी तिले मांडीवर घेऊन उभ्या उभ्या गेली मी. कोनी जागा देत, कोनी खिडकीकडं पाहून राहत. तवा मंजूच्या बाबानं ते जुनी व्हॅन घेतली, चौकोनी, डब्यासारखी, सरकत्या दाराची. गावात सारे तिले डबाच म्हनत. त्यायनं मधची सीट काढून टाकली, खाली मी गादी टाकली, आन् झालं. दार सरकवलं का गादी अंगनाच्या ओट्याच्या बरोबरीनं येई. चादरीवर मंजूले घ्यावं, एका कोपऱ्यानं ओढावं, का पोट्टी आत. मी एकटी करो हे. सासरे थकले म्हनून एकोडीले परत आलो तवा बी डबा संग आला. आमची गल्ली तुमी पाहून राहिले ना, दोन्हीकडून घरं, समोरून बैल आला त मानसाले भिंतीले चिकटावं लागते. त्या गल्लीत डबा बरोबर घुसे, दारापाशी येऊन उभा राहे.

आता डब्याचा तरास बी सांगतो, नाहीतर म्हनसान का बाई एकतर्फी बोलते. त्याचं इंजिन सीटच्या खाली. चैत-वैशाखात आपल्या इकडं ऊन कसं राहते तुमाले माहीत हाये, वरून पत्रा तापे आन् खालून इंजिन, मंधात पोट्टी. मंजूले उनाचा झटका चालत नाही, अंग तापलं का डोळे फिरवते. मी ओला दुपट्टा तिच्यावर टाको, साकोलीपर्यंत तो वाळे, मंग लाखनीले पुन्हा भिजवो. खड्डा आला का डबा असा उसळे का मी तिचं डोक्सं मांडीत दाबून धरो. लहान होती तवर निभलं. आता ते माह्यापेक्षा उंच झाली जी, मोठी बाई झाली.

डब्याची मुदत संपली. खालचा पत्रा सडला, गादी उचलली का भोकातून रस्ता दिसे. पासिंग होनार नाही म्हनून कळलं, मंजे दुसरी गाडी घेनंच भाग. आन् तवापासून आमच्या घरात जे सुरू झालं ना, बाप्पा! राहुल आता नागपूरले कंपनीत हाये, तो फोनवर म्हने का माय, आता डबा नोको, लांबडी घ्या, सात सीटची, एसीवाली, मंजू थंडीत जाईन थंडीत येईन. लांबडी मंजे काय तं माह्या भावाकडं सानगडीले हाये, वसंताकडं, तो लग्नाकार्याले भाड्यानं लावते. वसंतानं डबा बी चालवला होता पयले. तो म्हने बाई, मी दोन्ही वापरल्या, डब्याचं मी पुन्हा नाव घेनार नाही, पाठ मोडते मानसाची. मंजूचे बाबा म्हनत, तुही पाठ मोडते ड्रायव्हरची, आमाले पोरीचं पाहा लागते, ते चढन कशी त्या उंच गाडीत? वसंता म्हने भाऊजी, एकडाव नेऊन तं पाहा. घरात कोनी आला का हेच. गावातले बी सांगून जात, कोनी म्हने डब्याचं सामान कुठंबी भेटते, कोनी म्हने लांबडी म्हातारपनापर्यंत चालते. सारे इंजिनाचं बोलत. मी चहा ठेवो आन् ऐको.

वसंतानं त्याची गाडी देली. ऐन उनाळ्यात नागपूरच्या डॉक्टरची तारीख होती. खोटं नाही बोलत जी, त्या दिवशी पयल्यांदा मी खिडकीच्या बाहेर पाहिलं. काच बंद, आत गारवा, मंजू माह्या खांद्यावर डोक्सं ठेवून नागपूरपर्यंत झोपली. झटका नाही, उलटी नाही. मले रडूच आलं. मंजूच्या बाबानं आरशातून पाहिलं, म्हने काय झालं वो, म्हनलं काही नाही, गाडी चांगली हाये.

पन चढवतानी? ते सांगतो. सीट माह्या कंबरेच्या वर. दार बाहेरच्या बाजूनं उघडते, त्या दाराच्या आन् सीटच्या मंधात एकच मानूस उभा राहू शकते. हे आतून ओढत, मी बाहेरून ढकलो, पोट्टीचा पाय अडके, ते कन्हे. दवाखान्यापुढं दोन अनोळखी मानसं धावून आले म्हनून उतरली. आन् गाडी गल्लीत घुसेच नाही. जातानी अंधारात नेली म्हनून कोनी पाहिलं नाही, पन परत आलो तवा बी ते तलावाच्या पारीपाशी लावा लागली. तिथून घरापर्यंत यायनं पाठीकडून धरलं, मी पायाकडून, आन् सायंकाळची वेळ, पारीवर मानसं बसलेले, बाया पानी घेऊन चाललेल्या. पोरीचा झगा वर सरके, माहे दोन्ही हात गुतलेले, झाकू कशानं? सारे चांगले लोक हायेत, त्यायनं माना फिरवल्या. पन माना फिरवल्या तेच मले लागलं जी.

घरी आल्यावर हे म्हनले, झालं, आता डबाच. गावात शाळेचे पोरं नेनाऱ्याकडं नवा डबा होता, त्याले मागून आनला, आन् पुढच्या तारखेले त्यात नेली. दारापाशी गाडी, चादर ओढली का पोट्टी आत, कोनाले दिसली नाही, कोनाले बोलवा लागलं नाही. यायचं तोंड कसं फुललं होतं. त्या डब्यात नावाले एसी होता, पन खाली गादीवर निजलेल्या पोरीपर्यंत त्याची हवाच पोचे नाही. भंडाऱ्याच्या अलीकडं मंजूले झटका आला. असा आला का थांबेचना. दात आवळले, ओठ निळे. मी बोंबलली का गाडी थांबवा, यायनं झाडाखाली थांबवली, बाटलीतलं सारं पानी तिच्यावर ओतलं. तिथंच रस्त्याच्या कडेले मी तिचं तोंड धरून बसली आन् हे नुसते उभे, हातात रिकामी बाटली. झटका सरला तवा म्हनाले, मंजूची माय, आता तूच सांग कोनती घ्याची. मले नाही समजत.

इतके वर्स कोनी इचारलं नव्हतं. डब्यात चढते पन जगते का नाही भरोसा नाही. लांबडीत जगते पन चढत नाही. मी काय सांगू? रात्रभर इचार केला असं बी नाही, इचार करायले होतंच काय. त्या निळ्या ओठाचंच भेव बसलं होतं, म्हनून म्हनलं का लांबडी घ्या, उचलू आपन, हात तं आपलेच हायेत. लांबडी आली. वापरलेलीच, पन चांगली. राहुल आला, नारळ फोडला, मंजूले हार घातला आन् म्हने माय, आता तिले ऊन लागनार नाही.

ऊन नाही लागलं जी. रोवना लागला, धानाची लावनी. रोवन्याच्या दिवसात तुमी या गावात याले पाहिजे होतं, एक मानूस घरी भेटत नाही. पोट्टेसोट्टे, बाया, म्हातारे सारे बांधीत वाकलेले. त्या दिवशी पानी रपरप लागून राहिलं होतं. मंजूले सकाळपासून झटके, एक सरला का दुसरा. नागपूरच्या डॉक्टरनं फोनवर सांगितलं का आना, लवकर आना. हे धावत पारीवर गेले, गाडी चालू केली, दार उघडून ठेवलं, परत आले. आन् गल्लीत चिखल कसा, पाय पोटरीपर्यंत जाये. उचलाले गेलो त यायचा खांदा निघाला. खदानीवर असतानी एकडाव मोडला होता तो. हे तिथंच भिंतीले टेकले, तोंड पांढरं. मी हाका मारल्या, कोन येईन? बाजूची जिजाबाई तेवढी घरी होती, कंबरेत वाकलेली म्हातारी. ते आली. तिनं अन् मी मंजूले गोदडीवर घेतलं आन् चिखलातून ओढत नेलं. मानसाले असं ओढत नाही जी, धानाचं पोतं बी कोनी असं ओढत नाही. वरून पानी, पोट्टीच्या तोंडावर चिखल, मी पुसो आन् ओढो, जिजाबाई म्हने थांबू नोको बाई, थांबू नोको. पारीवर गाडी उभी, आतला दिवा लागलेला, एसी चालू. इतकी चांगली गाडी. आन् तिच्यापर्यंत आमाले पोचता येईना.

बांधीतून कोनीतरी पाहिलं, चार-पाच मानसं धानाच्या रोपाच्या जुड्या फेकून धावत आले, त्यायनं वर चढवली. यायनं एका हातानं गाडी चालवली साकोलीपर्यंत, तिथून वसंतानं चालवली. वाचली पोट्टी. पंधरवडाभर दवाखान्यात होती, पन वाचली.

घरी आल्यावर यायनं मले इचारलं, चुकलं का व आपलं? म्हनलं नाही. डबा असता त दारापाशी आला असता, पन वैशाखातच पोट्टी हातची गेली असती. चुकलं असतं त बरं झालं असतं जी, चुकलेलं सुधरवता येते. आता राहुल म्हनते चाकाची खुर्ची आनतो, आन बाप्पा, पन चिखलात चाक चालते का? वसंता म्हनते सानगडीले राहाले या, माह्या दारापर्यंत सडक हाये. सासऱ्यायचं घर सोडून, बांध्या सोडून कसं जाऊ? आन् गेलो तरी उचलाले आमीच दोघं, यायचा खांदा गेलेला, माही कंबर. आमच्या मागं तिचं कोन? जेवून घेतो आन् झोपतो.

लिहा तुमी, लिहाचं ते लिहा. माह्या सांगन्यानं कोनाले गाडी निवडता येईन का नाही माहीत नाही, ज्यायचे लेकरं आपल्या पायानं चढतेत त्यायनं कोनतीबी घ्यावी, दोन्ही चांगल्या हायेत. तुमचे लेकरंबाळं हातापायानं सुखी राहोत, आनखी काय म्हनू.

चहा झाला का? मंग एक काम करसान का जी, आज दुपारी मंजूची दवाखान्याची तारीख हाये. गावात सारे कापनीले गेले, हे गाडी पारीवर लावून बसले हायेत. तुमी पायाकडून धरा. झगा गुडघ्याखाली खोचून घेजा पयले, हं, अस्सा. डोक्सं मी धरतो. चला.