आमाचं सलून पुन्हा उघडलं

मार्च २०१०, कॅनडातलं ब्रॅम्पटन. दुपारी बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन मराठी बायका होत्या. एक सत्तरीची, लोकरी टोपी घातलेली, दुसरी तिशीतली.

"काकू, तुमच्या बेसमेंटमध्ये राहणाऱ्या त्या घानाच्या आमाचं काय झालं? इन्स्पेक्टरनं तिचं सलून बंद केलं होतं ना?"

"पाच आठवडे बंद होतं. कुरळ्या केसांच्या बारीक वेण्या घालायलाही हेअरस्टायलिस्टचं लायसन्स हवं म्हणाला."

"मग काढायचं लायसन्स."

"अगं, दीड हजार तास कॉलेज. केस कापणं, रंगवणं, पर्म. वेण्यांचा एक तास नाही. ही चौकशीला गेली, तर तिथल्या बाईच म्हणाल्या, आम्हाला येऊन शिकवशील का?"

"मग फी कोणी कोणाला द्यायची?"

"तेच मी म्हटलं. तुझे काका रिटायर झाले तरी फाइल सोडत नाहीत. त्यांनी अख्खा नियम वाचला आणि पत्र लिहिलं, हिच्याकडे ना कात्री, ना केमिकल, मग लायसन्स कशाचं?"

"आणि?"

"काल उत्तर आलं. नुसत्या वेण्यांना लायसन्स लागत नाही. आज नऊला सलून उघडलं."

"सुटली बिचारी. गिऱ्हाइकं आली का?"

"पहिलं गिऱ्हाईक मीच. म्हणाली, आँटी, आधी तुम्ही बसायचं."

"तुम्ही? दाखवा बघू."

टोपी निघाली. विरळ पांढऱ्या केसांच्या बारीक वेण्या डोक्याला घट्ट चिकटल्या होत्या.

"दुखतंय का हो?"

"थोडं. भुवया वर ओढल्या गेल्यात. काका घरी सारखे विचारत होते, तुला एवढं नवल कशाचं वाटतंय."