आईचं आहेराचं पाकीट

मला सांगा, लग्नपत्रिका रद्दीत टाकायला हात धजावतो का कुणाचा? नाही ना, गणपती असतो तिच्यावर. आमच्या आईने ठाण्याजवळच्या कोपरच्या घरात वर्षानुवर्षांच्या पत्रिका साठवल्यात, आणि रिटायर झाल्यापासून ती त्या कापून आहेराची पाकिटं करते. गणपती बाहेर, छापलेला मजकूर आत. दिसतातही छान, हां.

तर गेल्या महिन्यात आमच्या समोरच्या मुग्धाचं दुसरं लग्न झालं. पहिलं दोन वर्षांत मोडलेलं, तेव्हापासून पोरगी हसायचीच बंद झालेली. आईने मुद्दाम सगळ्यात देखणं पाकीट काढलं आणि ठाण्याला हॉलवर जाऊन तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मुग्धाचा फोन. आईने स्पीकरवर घेतला.

"काकू, पाकीट फारच सुंदर आहे. पण आत माझंच नाव छापलंय."

"तुझं कसं असेल गं?"

"माझंच. पहिल्या लग्नाचं. मुहूर्तासकट."

आईचा चेहरा पांढराफटक. "अगं बाई! मी गणपती बघून कापते गं, नावं कुठे वाचते!"

पलीकडे मुग्धा आणि तिचा नवरा, दोघंही खो-खो हसत सुटले. "काकू, त्या लग्नातून एवढी एकच कामाची वस्तू निघाली बघा!"

आईच्या जिवात जीव आला. फोन ठेवता ठेवता मुग्धा म्हणाली, "फक्त एक करा काकू. यावेळची पत्रिका कापू नका."