खबरदार, गेटवर चोर!

हॅलो? … हो, हो, भांड्यांचं ऑनलाइन दुकान. बोला. … नाही मॅडम, मी ओबुया. दुकानाच्या कॉम्प्युटरच्या स्क्रिप्ट मी लिहितो, आज फोनवर कुणी नाही म्हणून… कसलं कौतुक? … 'खबरदार, गेटवर चोर'? अहो, तो मेसेज माझाच! कालच जोडला. डिलिव्हरीवाला आमच्या लाइनमधून तुम्हाला फोन करतो ना, त्याचा नंबर आमच्याकडे नोंदलेला नसला की तुम्हाला आपोआप इशारा. … आवडला? बरं वाटलं बघा ऐकून.

पकडला? कुणी पकडला?

नाक्यावरच्या मोटारसायकलवाल्यांनी… मारतायत म्हणजे? कशाने? … पातेल्याने? कुठल्या पातेल्याने? … तुम्हीच मागवलेल्या? अहो मॅडम, चोर कधी तुमचं पातेलं घरपोच आणून देतो का! … ऐका, ऐका ना! कसा दिसतो? … उंच, एका कानाची पाळी फाटलेली? … अहो, तो ओगुता! आमचा माणूस आहे तो!

थांबा, स्क्रीनवर बघतो… दुसऱ्या सिमवरून फोन केलाय त्याने. आणि मी एकेकाचा एकच नंबर घातला. एकच! अख्ख्या किसुमू शहरात एका सिमवर भागवणारा माणूस सापडेल का? गाढव आहे मी, गाढव!

टायर? … कुणी आणला टायर? … नाही, नाही! पेट्रोल कसलं काढतायत? ओरडा, सोडा म्हणा त्याला! … तुम्हाला भीती वाटते? मघाशी 'चोर चोर' ओरडताना घसा बरा मोकळा होता! … चुकलं माझं. आई, पाया पडतो. गेट उघडा. फोन स्पीकरवर टाका आणि वर धरा. वर!

सोडा रे त्याला! तो चोर नाही! मेसेज मी लिहिला, चूक माझी आहे! … मी कोण? ओबुया, कोंडेलेचा! … हो, ये ना! बाजारामागच्या इमारतीत बसलोय, वरच्या मजल्यावर, ये आणि मला जाळ! पण आधी त्याच्या गळ्यातला टायर काढ. … नाव? ओगुता! त्यालाच विचार की! … दात पाडल्यावर कसा सांगेल? मान हलवेल ना तो! … काडी विझव. विझव म्हणतो ना, मेल्या!

हॅलो? … हॅलो?

काढला? … द्या, त्याच्या कानाला लावा. … ओगुता? अरे, मी… रडू नकोस रे. … काय? थुंक आधी, रक्त थुंक. … अरे, पण आजच का बदललंस सिम? … त्या कंपनीची आज दिवसभर फुकट मिनिटं? … कुणाकुणाला? … आपल्या सगळ्या डिलिव्हरीवाल्यांनीच बदललं?

सगळ्यांनी?

थांब… अरे देवा. मेसेज जातायत. हा बघ, आत्ता आणखी एक गेला… बंद हो, बंद हो… उडवली. अख्खी स्क्रिप्टच उडवली. पण आणखी तिघांच्या गिऱ्हाइकांना गेलेत रे! … मॅडम, त्याला आत घ्या, पाणी द्या, फोन ठेवा. … पातेलं? चेपलं म्हणून बदलून? … अहो, तीन गेटांवर माझी माणसं मरतायत! ठेव बाई, फोन ठेव!